सूचना: परदेशी शिक्षणाचा खर्च – शिष्यवृत्ती, कर्ज आणि खात्यातली शिल्लक

सभासदहो,

मोठ्या शिष्यवृत्त्यांची मुदत बहुधा सत्र सुरू होण्याच्या 8 ते 12 महिने आधीच संपते. ऑफर लेटर हातात पडेपर्यंत थांबणारे इथेच हुकतात. इरास्मस मुंडस या युरोपियन युनियनच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीत फी माफ असून महिना 1,400 युरो मिळतात. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, शिवाय शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. ही अट सही करण्याआधी वाचा, नंतर नव्हे.

कर्ज घेणाऱ्यांनी मंजुरीपत्रात राहण्याचा खर्च धरलाय का, ते बघावं. नुसती फी धरली असेल तर व्हिसाला अडतं.

ब्रिटनसाठी स्वतःचे पैसे दाखवणार असाल तर ते खात्यात सलग 28 दिवस हवेत. मधे एक दिवस जरी शिल्लक कमी झाली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून! स्टेटमेंटची शेवटची तारीखही अर्जाच्या दिवशी 31 दिवसांहून जुनी नको. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटसाठी (व्हिसाकरता आधी पैसे भरायचे खाते, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे 11,904 युरो धरा. वाटेतल्या बँका शुल्क कापतात आणि रक्कम थोडी कमी पडते, म्हणून थोडे जास्तच पाठवा.

शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना महिनाभर आधी सांगा. आदल्या दिवशी मागितलेलं पत्र तसंच दिसतं.