२१ म्हणजे २१

डोंबिवली,
१७ एप्रिल २०२०

प्रिय शुभे,

साधा फोन लावला की आधी कोणीतरी कानात खोकतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तू ‘चेहरा दाखव’ म्हणतेस, म्हणून लिहिते आहे. फोटो काढून पाठवेन. तू विचारत राहिलीस आणि मी नुसते अंगठे पाठवत बसले, त्यावरून जे बोलायचं ते नंतर बोल. घरचे बरे आहेत. बाबांची शुगर होती तिथेच आहे, आईचा गुडघाही.

मंगळवारी माझं ते झालं. दहावीला सेंटर बदललं तेव्हाचं.

लोकल बंद झाल्या तेव्हा ३१ मार्च म्हणाले होते. मग ऐन पाडव्यापासून २१ दिवस, म्हणजे १४ एप्रिल. मी कालनिर्णयवर पेन्सिलीने चौकटी आखल्या. २१ मला आवडलाही होता. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यातला एक माझा, ऑटिझम. (बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘बरं मग?’) शनिवारी मुख्यमंत्री म्हणाले, निदान ३० एप्रिल. ‘निदान’ या शब्दावर मी रात्री जागले, पण ३० पर्यंत आखलं. मंगळवारी सकाळी दहाला पंतप्रधान म्हणाले, ३ मे. बाबा म्हणाले, तीन दिवसांचा तर फरक.

तीन दिवसांचं नाहीच गं. आकडा पक्का असला की मी कशातही बसते. २२ मार्चला थाळ्या वाजल्या तेव्हा पाच म्हणजे पाच हे ठाऊक होतं. पावणेपाचला कानात कापूस घालून न्हाणीघरात जाऊन बसले, संपलं. ५ एप्रिलला रात्री नऊला दिवे घालवले तेव्हा तर छानच वाटलं, नऊ मिनिटं सगळी वसाहत माझ्यासारखी. पण फटाक्यांचं कोणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी पहाटेपर्यंत कपाटाला पाठ लावून बसले होते.

तर मंगळवारी भाषण संपलं आणि मी भिंतीवर डोकं आपटायला लागले. बाबा ‘काय कमी आहे तुला घरात’ वर आले. दुपारी टीव्हीवर वांद्र्याला स्टेशनबाहेर गावी जायला जमलेल्या मजुरांची गर्दी दाखवली, तेव्हा मलाही वाटलं, खरंच, काय कमी आहे? पण पटलं म्हणून डोकं थांबत नाही, हे तुला सांगायला नको. आणि मग ऐक. आई खाली बसली, हात न लावता, आणि एकोणतीसचा पाढा म्हणायला लागली! तू सेंटरच्या जिन्यात म्हटला होतास तो. तिला कुणी सांगितलं? तूच ना? एकोणतीस सक्कम पर्यंत ठीक गेली, पुढे म्हणाली, एकोणतीस सत्ते एकशे त्र्याण्णव. मी आपटायची थांबले. दोनशे तीन, आई, दोनशे तीन! त्यावर ती रडायला लागली आणि आम्हाला दोघींनाही पुढचं सुचेना. बाबांनी चहा केला. बाबांनी!

पण काळजी ही नाही. काळजी अशी की पहिले पंधरा दिवस मला बरं वाटत होतं. कोणी गळ्यात पडत नाही, न सांगता पाहुणे येत नाहीत, हात सारखे धुतले तरी कोणी हसत नाही. सगळा देश माझ्या नियमांनी वागायला लागला. बाहेर माणसं मरताहेत आणि मला बरं वाटतंय, हे मी कोणाला सांगू? तुला सांगते.

आणि आता त्या बरं वाटण्याचीच भीती बसली आहे. इतकी वर्षं रोज सकाळच्या फास्टमध्ये मी चेहरा तयार करत आले. ठाण्यापर्यंत कपाळावरची आठी काढायची, दादरपर्यंत हसू बसवायचं. ‘कशी आहेस’ला ‘मजेत’. नजरेला नजर म्हणजे समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं, हे तूच शिकवलंस. महिना होत आला, यातलं काहीही लागलेलं नाही, आणि परवा दूधवाल्याला ‘सुट्टे नाहीत’ एवढं म्हणायला तोंड उघडेना. त्याला वाटलं मी मास्कमुळे बोलत नाही. (त्याची इलॅस्टिक कानामागे अशी टोचते की कान काढून ठेवावेत.) सगळे विचारतात, पूर्वीसारखं कधी होणार. झालं आणि मला पूर्वीसारखं होता आलं नाही तर? मला तारीख पक्की हवी आणि ती येऊही नये, दोन्ही एकाच वेळी. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, रोज थोडा सराव करा. कोणाबरोबर? बाबांबरोबर?

साहेबांना मीटिंगमध्ये कॅमेरा चालू हवा. खिडक्या खिडक्यांत चेहरे, त्यात एक माझाच, मी बोलत असताना मलाच बघतोय. मी कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली आणि नेट स्लो आहे म्हणाले. आम्हाला खोटं बोलता येत नाही म्हणणाऱ्यांना कळव.

तू म्हणशील, मनावर घेतलंस की जमतं तुला. रिसेप्शनलाही हेच म्हणाली होतीस, आणि वर्षभर अबोला. मी अजून म्हणते, बँड आठला ठरला होता आणि साडेसहाला सुरू झाला. चूक तुझ्या नानाकाकांची. मी जेवल्याशिवाय गेले हे खरं, पण जिलबी बांधून नेली होती.

तू पाठवलेली बातमी, तुमच्याकडे ऑटिझम असलेल्यांना दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा बाहेर पडू देतात ती, आईला वाचून दाखवली. इथे सोसायटीने गच्चीला कुलूप घातलंय. आई सेक्रेटरींकडे किल्ली मागायला गेली तर म्हणाले, ‘चांगली बोलते की ती!’ आता मी पॅसेजमध्ये फेऱ्या घालते आणि देशपांडे आजी दाराच्या फटीतून बघतात.

तुझं काय? पिल्लू रात्री झोपू देतं का? नवऱ्याची नोकरी राहिली ना? दर गुरुवारी आठला टाळ्या वाजवता म्हणालीस, किती बरं, ठरलेला वार, ठरलेली वेळ. आईने गोडा मसाला करून ठेवलाय, पार्सलं सुरू झाली की पाठवेल.

एक काम कर. ३ मेच्या आधी पुन्हा भाषण झालं तर मी टीव्हीच्या खोलीत जाणार नाही. तू ऐक. तुमचं घड्याळ साडेचार तास मागे, म्हणजे इथले दहा म्हणजे तुझे पहाटेचे साडेपाच, पिल्लू उठवतंच ना तेव्हा. मला फक्त तारीख पाठव. ‘अगं’ नको, ‘घाबरू नकोस’ नको, इमोजी तर अजिबात नको.

तुझी,
मनू