काका, तुमच्यामुळे बाबांची एमजीबी आता डावीकडे बसून चालवतोय

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय. शिवाय इंग्लंडमधून युरोपात शिफ्ट होणारे आपले लोक मला सारखं विचारतात की गाडीचं स्टीअरिंग इकडचं तिकडे करता येतं का, त्यांनाही कळू दे तुम्ही आमच्यासाठी काय केलंत.

बाबा (माझे सासरे) गेले आणि त्यांची १९७२ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बर्मिंगहॅमला गॅरेजमधे नुसती उभी राहिली. ती विकायचा विषय काढला तरी हिच्या डोळ्यात पाणी. आम्ही राहतो त्या जर्मनीत उजव्या स्टीअरिंगची गाडी चालवायला कायद्याने बंदी नाहीये, पण दुपदरी रस्त्यावर पुढे ट्रक असला की समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही, शेजारी बसलेल्याने "चल" म्हटलं की ओव्हरटेक करायचं, आणि ही तर एकटीच चालवणार होती. इथला एक गॅरेजवाला म्हणाला होता की जुना रॅक (स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी दातेरी दांडी) तसाच राहू दे, डॅशच्या मागून चेन टाकून स्टीअरिंग डावीकडे घेऊ, स्वस्तात होईल. तेव्हा तुम्ही म्हणालात, "चेन तुटली की हातात नुसतं चाक राहतं, माझ्या मित्राच्या मुलीला मी त्या गाडीत बसू देणार नाही." त्या एका नकारासाठीच तुमचे पाय धरावेसे वाटतात.

मग तुम्ही मला गाडी समजावून सांगितलीत. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० ही गाडी बनली, दोन्ही बाजूंच्या स्टीअरिंगची, पाच लाखांवर गाड्या निघाल्या आणि त्यातल्या ढीगभर अमेरिकेला गेल्या, त्यामुळे डाव्या बाजूचा ओरिजिनल माल आजही मिळतो, बॉडी कापायची गरज नाही. रॅक, पेडल बॉक्स, वायपर, ब्रेक आणि क्लचचे पाइप, केबल्स, सगळी यादी तुम्ही हाताने लिहून पाठवलीत. अमेरिकन गाड्यांना १९६८ पासून ब्रेकची दोन वेगळी सर्किट आली, एक पाइप फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, बाबांच्या गाडीत एकच होतं. पेडल बॉक्स बदलतोच आहोत तर हेही करून घेऊ म्हणालात आणि केलंत.

डॅशचं तर काय सांगू. अमेरिकेतला जाड गादीवाला डॅश सहज मिळत होता, पण बाबांच्या गाडीत पत्र्याचा होता आणि हिला तसाच हवा होता. डाव्या बाजूचा, बाबांच्या गाडीच्या काळातला पत्र्याचा डॅश म्हणजे युरोपात विकलेल्या गाडीचाच पाहिजे, तो फार कमी सापडतो, तरी तुम्ही शोधलात. पार्सल उघडलं तेव्हा ही किती वेळ त्यावर हात फिरवत बसली होती.

पण सगळ्यात मोठं काम त्या शिमचं, म्हणजे रॅक नेमका बसवायला खाली घालायच्या पातळ चकत्यांचं. रॅक बोल्ट झाल्यावर कोणीही पुढे गेलं असतं, तुम्ही थांबलात. स्टीअरिंग कॉलम आणि रॅक यांच्या मधे एकच युनिव्हर्सल जॉइंट (दोन दांड्या कोनात जोडणारा सांधा), त्यामुळे दोन्ही दांड्यांच्या रेषा बरोब्बर जॉइंटच्या मध्यावर भेटायला हव्यात, नाहीतर स्टीअरिंग जड होतं आणि जॉइंट लवकर झिजतो. त्यात या इंजिनचे कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडेच, कॉलमही आता तिथूनच खाली जाणार, हात घालायला जागा नाही. या वयात गुडघे दुखत असताना तुम्ही जमिनीवर पडून शिम घालत होतात, मोजत होतात, काढत होतात, पुन्हा घालत होतात, आणि मी नुसता टॉर्च धरून उभा. आता दोन बोटांनी स्टीअरिंग फिरतं काका, खरंच.

हेडलाइट बदलून घ्या हे तुम्ही तीनतीनदा बजावलंत, कारण इंग्लंडच्या लाइटचा झोत डावीकडे वर जातो आणि इथे तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यावर येईल. सात इंची गोल असल्यामुळे ते काम पटकन झालं. ट्यूफच्या, म्हणजे इथल्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या, इन्स्पेक्टरने गाडी वर उचलून स्टीअरिंग आणि ब्रेक खूप वेळ तपासले, सगळे पार्ट कंपनीच्याच डाव्या गाडीचे आहेत हे बघून कागदपत्रांवर नोंद करून दिली, जुन्या गाड्यांची एच नंबरप्लेटही मिळाली.

काढलेले उजवीकडचे सगळे पार्ट तुम्ही सांगितलंत तसे चिठ्ठ्या लावून माळ्यावर ठेवलेत, एकही टाकलेला नाही. काकूंना घेऊन मे मधे या. हिने ब्लॅक फॉरेस्टचा रूट काढून ठेवलाय आणि म्हणते गाडी मीच चालवणार, काका शेजारी बसणार.

तुमचा,
जावई (तुम्हीच म्हणता तसा)