सुरुवात बाथरूमपासून

प्रिय आई-बाबा,

सोमवारी सकाळी मिस्त्री येणार आहे. फोनवर सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, "बघू पुढच्या वर्षी," आणि आईने विषय बदलला असता, म्हणून लिहून कळवतेय. सगळं बोलून झालंय. तेव्हा आता नाही म्हणायची सोय नाही, रागवायची आहे. रागवा.

आणखी एक ठरवलंय, ते आधीच सांगते. तुम्हाला इकडे माझ्याकडे आणायचं नाही. दादाचं म्हणणं वेगळं आहे, आणि त्याचं चुकतंय असंही नाही. लोक उद्या म्हणतील की मुलीने आई-बाबांना एकटं ठेवलं. म्हणोत, असं लिहिणं सोपं आहे. रात्री दिवा मालवला की ते मला चांगलंच टोचतं. पण मागच्या वेळी तुम्ही इथे राहिलात तेव्हा बाबा दिवसभर गॅलरीत उभे असायचे, आणि आई, तू कपाट उघडायच्या आधी मला विचारायचीस. मला ते बघवत नव्हतं. तुमच्या घरात तुम्हाला डोळे मिटूनही सगळं सापडतं, शेजारी कोण कुठल्या वेळी खोकतं तेही माहीत आहे. ते सोडून तुम्ही माझ्या आठव्या मजल्यावर पाहुण्यासारखं राहायचं, हे मला पटत नाही. त्यापेक्षा घरच जरा बदलू.

बाबा, मार्चमधल्या त्या रात्रीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही, तसं आपलं ठरलंय. एवढंच सांगते की जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे पासष्टी ओलांडलेल्या शंभरातले २८ ते ३५ जण वर्षाकाठी पडतात. म्हणजे तुमचं काही जगावेगळं झालेलं नाही.

आता बाथरूम. कमोडवरून उठताना तुम्ही टॉवेलचा दांडा धरता. त्याचे वरचे दोन स्क्रू बाहेर आलेत आणि खालच्या साबणाच्या डबीत सिमेंटची पांढरी भुकटी पडते. आई ती रोज पुसते आणि टाल्कम पावडर सांडली म्हणते. तो दांडा ओल्या टॉवेलचं वजन घेतो, माणसाचं नाही. तिथे आता स्टीलचा जाड, हाताच्या मुठीत नीट बसणारा दांडा येईल, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. दुसरा शॉवरच्या भिंतीला. नुसत्या टाईलमध्ये स्क्रू पिळून भागणार नाही, आतल्या पक्क्या भिंतीत अँकर ठोकायचे, शंभर-सव्वाशे किलोचा झटका बसला तरी हलता कामा नये. रबराच्या वाटीने चिकटणारे दांडेही मिळतात, ते दादाने आणले तर परत पाठवा. ते न सांगता सुटतात.

कमोडही उंच होईल, १७ ते १९ इंचांच्या मधला. आत्ताचा इतका खाली आहे की उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. दारातला तो दोन इंचांचा उंबरठा काढून टाकतेय, पाणी उताराने आणि जाळीने अडेल. अंघोळीला बसायला पक्की बैठक आणि हातात धरायचा शॉवर. नळ असा घेतलाय की गरम पाणी ४९ अंशांच्या वर जाणारच नाही. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं, आणि आई, वयाप्रमाणे कातडी पातळ होते, भाजल्याचं कळायलाही उशीर लागतो.

दाराचं तुला आवडणार नाही हे ठाऊक आहे. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करतेय. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं आणि बाहेरच्याला ढकलताही येत नाही. कडीऐवजी असा बोल्ट बसवतेय जो वेळ आली तर बाहेरून नाण्याने फिरवता येतो. तुझा आडोसा जाणार नाही. आत असताना बाहेर लाल खूण दिसेल, त्यावर कुणी आत येणार नाही, बाबाही नाहीत. पण जुनी कडी मी काढून घेऊन जाणार आहे, नाहीतर तू ती परत बसवून घेशील.

खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या बोळात डाव्या भिंतीवर एक मळकट पट्टा उमटलाय, तुझ्या कमरेच्या जरा वर. रंगवाल्याला तू ते ओल म्हणून दाखवलंस. आई, ती ओल नाही. रात्री तू तिथे तळवा टेकत टेकत जातेस. मी त्यावर माझा हात ठेवून चालून पाहिलं, दोन ठिकाणी तू थांबतेस तिथे तो जास्त काळा आहे. कठडा बरोब्बर त्याच रेषेवर लावायचाय. त्यासाठी मला वेगळं माप घ्यावंच लागलं नाही, तू आखून ठेवलेलं आहे.

त्याच बोळात जमिनीलगत छोटे दिवे येतील, पाय खाली टेकला की आपोआप लागणारे, पिवळसर उजेडाचे, म्हणजे डोळे दिपणार नाहीत आणि झोपही उडणार नाही. बाबा म्हणतात उजेड भरपूर आहे. तुमच्या विशीत तो भरपूर होता. वय वाढलं की डोळ्यातली बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून वाचायच्या खुर्चीजवळ वेगळा दिवा, आणि पायऱ्यांच्या कडांना गडद पट्टी. सगळ्या पायऱ्या एकाच करड्या रंगाच्या असल्या की कुठली कुठे संपते तेच कळत नाही.

जिन्याबद्दल मला जास्त बोलवत नाही. त्या जिन्यावरून बाबा मला कडेवर वर न्यायचे, आणि मी झोपेचं सोंग घ्यायचे, कारण जागी दिसले तर चालायला लावाल. तुम्हाला ते कळायचं. मधल्या वळणावर तुम्ही उगाच म्हणायचात, "केवढी जड झालीय ही," आणि मी हसू दाबायचे. तर, झोपायची खोली आता खाली. वरची खोली तुमचीच आहे, पुस्तकं हलवणार नाही, दिवसा उजेडी हवं तेव्हा वर जा. दोन्ही बाजूंना कठडा लावतेय, पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर वाढवून. जिना संपला असं वाटतं आणि एक पायरी उरलेली असते, तिथेच घात होतो.

खालच्या खोलीचं दार रुंद करून घेतेय, चौकटीच्या आत मोकळी जागा निदान ३२ इंच. कशाला, असं बाबा विचारतील. नवं कपाट आत न्यायला सोपं. बाकी कधी कशासाठी लागलं, तर लागलं.

तुमच्या रोजच्या गोष्टींना मी हात लावत नाहीये. बाबांची खुर्ची तीच, खाली लाकडी ठोकळे लावून फक्त दोन इंच वर. पलंग खिडकीकडे तोंड करूनच राहील, आईच्या कुंड्या दिसतील. रेडिओ उशाशी. प्लगची बटणं मात्र खालून वर कंबरेइतकी आणतेय, वाकून वाकून चार्जर लावणं बंद. स्वयंपाकघरात रोज लागणारं सगळं कंबर ते खांदा या उंचीत येईल. आई, माळ्यावर चढायचं नाही. त्या स्टुलाला मी भिते. ते अडगळीत टाकायचं नाही, मोडायचंच. माळा मी येऊन रिकामा करेन, तुझ्या समोर, तुझ्या शिव्या खात.

आणि आता दोघांनी ऐका. सगळीकडची पायपुसणी आजच गोळा करा, दारापाशी असलेलं रबरी बुडाचं एकच ठेवा. घरात मोज्यांवर चालू नका. झोपेतून उठलात की पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मगच उभे राहा. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते हे डॉक्टरांनी सांगितलंय, मी नाही. बाबा, जिन्यावर तो वर लांबचं आणि खाली जवळचं भिंग असलेला चष्मा घालू नका, खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. नुसता लांबचा चष्मा करून घ्या. गळ्यात घालायचं, दाबलं की मदत बोलावणारं बटण मी पाठवतेय. ते खुंटीला टांगायचं नाही, गळ्यात घालायचं, अंघोळीतसुद्धा. पडण्यापेक्षा पडून राहणं वाईट, तास-दोन तास जमिनीवर काढलेल्या माणसाला मोड नसली तरी सावरायला फार दिवस लागतात. आणि आपण दुसऱ्याला उठवायला जायचं नाही. बटण दाबायचं, उशी द्यायची, वाट बघायची.

काम आठवडाभर चालेल, तोवर ताईकडे राहा. तिला सांगितलंय. बाबा, मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहून त्याला शिकवू नका. लेव्हलचं तेवढं तुम्ही तपासा, ते तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही.

टाईल्सचे दोन नमुने या पाकिटासोबतच्या खोक्यात आहेत. दोन्ही साबणाच्या पाण्याने ओले करा आणि त्यावर अनवाणी टाच घासून बघा. आई, तुला चकचकीत असलेली आवडेल. दुसरी घ्या. शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर रंग मीच ठरवेन.

तुमची,
छोटी