सेंटरचा खेळ गुणांच्या रकान्यात मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात शालेय बास्केटबॉल स्पर्धांचे निकाल छापले जातात याबद्दल प्रथम आभार, कारण फुटबॉल आणि क्रिकेट यांतून उरलेल्या जागेत आमच्या खेळाला चार ओळी मिळणे हेही गोव्यात थोडे नाही. तक्रार आहे ती त्या चार ओळींतल्या मजकुराबद्दल. अमुक विद्यालयाने तमुक विद्यालयाला इतक्या गुणांनी हरवले आणि विजयी संघातर्फे अमक्याने सर्वाधिक गुण केले, एवढ्यावर बातमी संपते, आणि सेंटरच्या जागी, म्हणजे बास्केटजवळ, खेळणाऱ्या उंच मुलाचे नाव तिच्यात क्वचितच सापडते. मी अनेक वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि तरुणपणी स्वतः याच जागेवर खेळलो, त्यामुळे हे पत्र निःपक्षपाती असल्याचा दावा करत नाही. तरीही सेंटरचा खेळ केवळ गुणांनी मोजला तर संघ कसा जिंकला हेच कळत नाही, असे माझे म्हणणे आहे आणि ते एका जुन्या सामन्याच्या आधारे मांडावेसे वाटते.

तो सामना 30 मे 1985 रोजी बॉस्टन गार्डनमध्ये झाला. त्याच्या तीन दिवस आधी, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या अंतिम मालिकेतल्या पहिल्या सामन्यात, बॉस्टन सेल्टिक्सने लॉस एंजलिस लेकर्सचा 148–114 असा धुव्वा उडवला होता. लेकर्सचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार, उंची 7 फूट 2 इंच आणि वय 38 वर्षे, याच्या खात्यावर 12 गुण आणि अवघे 3 रिबाउंड (शॉट हुकल्यावर हस्तगत केलेले बॉल) होते, तर समोरचा रॉबर्ट पॅरिश त्याला मागे टाकून पुढे धावत होता. आदल्या वर्षीही लेकर्सने अंतिम मालिका सेल्टिक्सकडूनच गमावली होती. त्या मालिकेतल्या पाचव्या सामन्यात वातानुकूलन नसलेल्या याच गार्डनमध्ये पारा 97 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या हिशेबाने 36 अंशांवर गेला होता आणि करीमला बाकावर बसून ऑक्सिजनचा मास्क तोंडाला लावावा लागला होता. (मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली सराव करणाऱ्या आमच्या मुलांना याचे फारसे नवल वाटणार नाही.) तेव्हा या माणसाचे दिवस भरले, आता लेकर्सच्या धावत्या खेळाला हा लोढणे होणार, असे कोणाला वाटले असेल तर त्यात त्याचा दोष नव्हता.

दुसऱ्या सामन्याला निघताना करीमने आपल्या वडिलांना संघाच्या बसमधून नेण्याची परवानगी मागितली आणि शिस्तीच्या बाबतीत कडक असणारे प्रशिक्षक पॅट रायली यांनी ती दिली. त्या रात्री त्याने 30 गुण, 17 रिबाउंड, 8 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि 3 ब्लॉक (हवेतच अडवलेले शॉट) अशी कामगिरी केली आणि लेकर्सनी 109–102 असा सामना जिंकला. आपल्या पद्धतीने बातमी छापली असती तर यातला फक्त 30 हा आकडा वाचकापर्यंत पोहोचला असता. माझ्या मते त्या रात्रीचा खरा आकडा 17 हा होता.

मी हा सामना पाहिला तो दोन-अडीच वर्षांनंतर. आमच्या वाड्यावरचा, बोटीवर नोकरीला असलेला एक मित्र अमेरिकेहून व्हिडिओ कॅसेट घेऊन आला होता. तिकडची कॅसेट इकडच्या व्हीसीआरवर धड चालत नसे, त्यामुळे चित्र कृष्णधवल उमटायचे आणि मधूनच खालून वर सरकत जायचे. तरीही करीम कोणता हे कोणाला विचारावे लागले नाही. चष्मा त्या संघात कर्ट रॅम्बिसही लावत असे, पण हुकसाठी, म्हणजे डोक्यावरून एका हाताने टाकायच्या शॉटसाठी, इतक्या उंच जाणारा उजवा हात दुसऱ्या कोणाचाच नव्हता. पहिल्यांदा पाहताना खोलीतल्या सगळ्यांचे डोळे लेकर्सचा गार्ड मॅजिक जॉन्सन याच्यावर खिळले होते. दुसऱ्यांदा कॅसेट लावली तेव्हा मी ठरवून बॉल सोडला आणि केवळ सेंटरकडे पाहत राहिलो, आणि तेव्हा कुठे लेकर्सच्या वेगाचे मूळ माझ्या लक्षात आले.

त्या खेळाला ‘शोटाईम’ म्हणत आणि तो गार्डांचा (बॉल पुढे नेऊन खेळ रचणाऱ्यांचा), धावपटूंचा खेळ आहे अशी समजूत आजही आहे. परंतु फास्ट ब्रेक, म्हणजे प्रतिस्पर्धी सावरण्याआधीचा धावता हल्ला, सुरू होतो तो रिबाउंडपासून. समोरच्याचा शॉट हुकला, सेंटरने आपला प्रतिस्पर्धी पाठीवर घेऊन बॉक्स आऊट केला, बॉल दोन्ही हातांनी खेचला आणि खाली आणून टप्पा न देता कडेला उभ्या असलेल्या मॅजिककडे आऊटलेट पास दिला, म्हणजे जेम्स वर्दी आणि बायरन स्कॉट दोन्ही बाजूंनी आधीच सुटलेले असत. रिबाउंड गेला तर धावायला काहीच उरत नाही. पहिल्या सामन्यात सेंटरच्या 3 रिबाउंडांवर शोटाईम बसला आणि दुसऱ्यात 17 रिबाउंडांवर उभा राहिला, असे मी म्हणेन. हेही मान्य केले पाहिजे की उतारवयातला करीम एरवी या बाबतीत कमीच पडत असे. त्या मोसमात त्याची सरासरी सामन्याला 8 रिबाउंडांहूनही कमी होती, आणि एवढ्या उंचीच्या माणसाला ती शोभत नाही ही टीका रास्तच होती.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक वेळी ब्रेक मिळत नाही. प्रतिस्पर्धी परत येऊन उभा राहिला की धावता संघ गोंधळतो, आणि आमच्या शाळांच्या सामन्यांत तर नेमक्या याच क्षणी गार्ड दुरूनच बॉल फेकून मोकळा होतो. लेकर्सचे तसे होत नसे, कारण मागून सावकाश येणारा करीम डाव्या बाजूच्या लो पोस्टवर, म्हणजे बास्केटलगतच्या जागेवर, बास्केटकडे पाठ करून उभा राहायचा आणि बॉल त्याच्या हाती जायचा. पुढचे सारे डाव्या पायाच्या एका पावलावर चाले: पाऊल टाकून शरीर आडवे केले की डावा खांदा बचाव करणाऱ्याच्या आणि बॉलच्या मध्ये येई, उजवा हात सरळ वर जाई आणि मनगटाच्या झटक्याने बॉल रिंगच्याही वरून सुटे. हाच तो स्काय हुक. अडवायचा तर उडी मारून भागत नसे, दुसरा माणूस धाडावा लागे, आणि दुसरा माणूस आला की कोणीतरी मोकळा सुटे. करीमचे त्या रात्रीचे 8 असिस्ट म्हणूनच मला 30 गुणांइतके मोलाचे वाटतात. राखीव खेळाडू मायकेल कूपरने त्याच सामन्यात 9 पैकी 8 शॉट घातले. ते सगळे करीमच्या पासवर होते असे नाही, परंतु आत असा सेंटर उभा असताना बाहेरच्यांना श्वास घ्यायला सवड मिळते हे खेळलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्या मोसमात लेकर्सनी संघ म्हणून 54.5 टक्के फील्ड गोल (फ्री थ्रो सोडून बाकीचे शॉट) यशस्वी केले. नुसत्या धावण्याने ही टक्केवारी येत नाही.

पुढे पाचव्या सामन्यात करीमने 36 आणि सहाव्यात 29 गुण केले, 9 जून रोजी बॉस्टनमध्येच लेकर्स 111–100 असे जिंकून विजेते झाले आणि सेल्टिक्सविरुद्ध अंतिम मालिकेत आठ वेळा हरलेल्या या संघाचा तो पहिला विजय ठरला. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू करीमच होता. हाच मान त्याला 1971 साली मिलवॉकी संघाकडून खेळताना मिळाला होता, म्हणजे दोहोंत चौदा वर्षांचे अंतर.

यावर जाणकार वाचक 1980 ची आठवण देतील. घोटा दुखावल्यामुळे त्या वर्षी करीम अंतिम मालिकेचा सहावा सामना खेळला नाही, वीस वर्षांचा मॅजिक सेंटरच्या जागी उभा राहिला, त्याने 42 गुण केले आणि लेकर्स विजेते झाले. मग सेंटरवाचून अडते कुठे? उत्तर त्याच मालिकेत आहे: आधीच्या पाच सामन्यांत करीमची सरासरी 33.4 गुणांची होती आणि पाचव्यात त्याने दुखऱ्या घोट्यावर 40 गुण केले होते. एक रात्र मॅजिकने निभावली, पण तिथवर संघाला कोणी आणले हेही लिहायला हवे.

आता आमच्याकडचे. गेल्या महिन्यात तालुका पातळीवरचा एक सामना मी वही घेऊन पाहिला. विजयी संघाचा सेंटर दहावीतला, हडकुळा आणि खरोखरच संथ होता. त्याचा प्रशिक्षक बाकावरून ‘धाव रे, धाव’ म्हणून ओरडत होता आणि प्रेक्षकांतली मुले हसत होती. माझ्या वहीत त्या मुलाच्या नावापुढे रिबाउंडांच्या अकरा रेघा पडल्या आणि त्यांतल्या चार रिबाउंडांवर लगेच ले-अप (बास्केटपाशी धावत जाऊन टाकलेले शॉट) झाले. त्याचे स्वतःचे गुण चार. सामना संपल्यावर मी त्याला वही दाखवली तेव्हा त्याने रेघा दोनदा मोजल्या आणि विचारले, ‘सर, हे पण लिहितात?’ दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याचे नाव नव्हते.

यात आपल्या वार्ताहरांचा दोष मी मानत नाही. अधिकृत गुणपत्रकात गुण, फाऊल आणि टाइमआऊट यांची नोंद होते, रिबाउंडला तिथे रकानाच नसतो. म्हणून माझी सूचना अशी की शाळांनी निकाल पाठवताना दोन्ही संघांतील सर्वाधिक रिबाउंड आणि असिस्ट कोणाचे, हे एका ओळीत कळवावे आणि आपण ती ओळ छापावी. कोर्टाच्या कडेला बसून रेघा ओढायला बदली खेळाडूंपैकी एक मुलगा पुरतो, आणि निदान डिचोली तालुक्यातल्या सामन्यांना तोही न मिळाल्यास मी येईन. वही माझी असेल.

आपला,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक
डिचोली, गोवा