दवाखान्यांची तपासणी कागदपत्रांपुरती नको

महोदय,

बोगस डॉक्टरांविरुद्ध मोहीम निघाली की आरोग्य विभागाचे पथक दवाखान्यात जाते, भिंतीवरचे नोंदणी प्रमाणपत्र पाहते, पदवी खरी आहे की खोटी याची खातरजमा करते आणि परत येते. ही मोहीम आवश्यकच आहे. मात्र पदवी खरी असलेल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात इंजेक्शन कसे दिले जाते, उपकरणे कशी निर्जंतुक होतात, लसींचा फ्रीज किती अंशांवर चालतो आणि रुग्णाला औषधाची अ‍ॅलर्जी होऊन तो कोसळला तर हाताशी काय आहे, हे ठरावीक मुदतीने पाहण्याची जबाबदारी कोणावरही नीट सोपवलेली नाही. याच उणिवेकडे कोल्हापूर महापालिका आणि जिल्हा आरोग्य प्रशासनाचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणेही बंधनकारक झाले. परंतु हा कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे. केवळ बाह्यरुग्ण तपासणारा, एक-दोन खोल्यांचा दवाखाना त्याच्या कक्षेत येत नाही आणि अशा दवाखान्यांनाही लागू होणारा २०१० चा केंद्रीय कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. सर्वसामान्य माणूस ताप, खोकला, जखम, मुलांची लस यांसाठी पहिल्यांदा जिथे जातो, नेमकी तीच जागा तपासणीतून सुटते. निपाणी-चिकोडीपासून कोकणापर्यंतचे रुग्ण विश्वासाने आपल्या शहरात येतात, म्हणून ही उणीव अधिक खटकते.

मी अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. मध्यंतरी एका नातेवाइकाच्या जखमेला टाके घालण्यासाठी शहरातील एका दवाखान्यात गेले होते. भूल देण्याच्या औषधाची बाटली टेबलावर होती आणि तिच्या रबरी बुचात एक सुई तशीच खोचून ठेवलेली होती. प्रत्येक रुग्णासाठी त्याच सुईला सिरिंज जोडून औषध काढले जात होते. बाटली कधी उघडली याची तारीख तिच्यावर नव्हती. चिमटे आणि कात्र्या स्टीलच्या डब्यात उकळून घेतल्या जात होत्या. उकळत्या पाण्याने बरेच जंतू मरतात, पण काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी त्यांची कठीण रूपे, टिकून राहतात. तेही मारण्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमानाची दाबयुक्त वाफ किमान १५ मिनिटे द्यावी लागते, आणि ती आतपर्यंत पोहोचली की नाही हे कळण्यासाठी रंग बदलणारी पट्टी वापरावी लागते. ही पट्टी फारशी महाग नसते. डॉक्टरांची पदवी खरी होती, त्यांचा हात हलका होता आणि रुग्णांशी वागणे आपुलकीचे होते. त्यांच्या मनात कोणाला इजा करण्याचा विचारही नसणार. वर्षानुवर्षे कोणी बाहेरून येऊन पाहिले नाही आणि सांगितले नाही, म्हणून ती पद्धत तशीच चालू राहिली.

अशा सवयींची किंमत मोठी असते. गुजरातमधील मोडासा परिसरात २००९ साली सुया-सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरला आणि अनेकांचे प्राण गेले. तेव्हाही रोग पसरल्यावर धावपळ झाली. आधी कोणी जाऊन पाहिले असते तर ती वेळ आली नसती, असे मला ठामपणे वाटते.

प्रशासनाला नियमित तपासणी जमत नाही, असे म्हणता येणार नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक नोंदणीकृत सोनोग्राफी केंद्राची ९० दिवसांतून एकदा तपासणी करण्याचा नियम आहे, आणि सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवणारे उपकरण) जोडण्याचा प्रयोग तर कोल्हापूर जिल्ह्यानेच प्रथम करून दाखवला. जे सोनोग्राफी यंत्राच्या बाबतीत होऊ शकते, ते ऑटोक्लेव्हच्या बाबतीत का होऊ नये? जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम लहान दवाखान्यांनाही लागू आहेत. वापरलेली सुई पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यातच गेली पाहिजे आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या निमित्ताने दवाखान्यात पाय ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने आणखी चार गोष्टी पाहिल्या, तरी मोठी सुरुवात होईल.

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नावाची स्वतंत्र संस्था गल्लीतल्या डॉक्टरांचे दवाखानेही तपासते. तेथील सेवा सुरक्षित, परिणामकारक, आस्थेची, रुग्णांच्या गरजेला प्रतिसाद देणारी आणि सुव्यवस्थित आहे का, असे पाच प्रश्न विचारून अहवाल जाहीर केला जातो आणि मिळालेली श्रेणी दवाखान्यात लावावी लागते. त्या संस्थेच्या तपासण्याही रखडल्या आणि २०२४ मध्ये तिच्यावर कठोर टीका झाली. त्यामुळे तिची हुबेहूब नक्कल करा, असे मी म्हणत नाही. निष्कर्ष रुग्णाला वाचता आला पाहिजे, एवढा भाग मात्र आपण जरूर घ्यावा.

तपासणी म्हटली की पाकीट द्यावे लागेल, ही डॉक्टरांची भीती मी समजू शकते आणि ती निराधारही नाही. म्हणूनच तपासणीचा तक्ता आधीच छापून सर्वांच्या हाती द्यावा, पथकात व्यवसाय करणारा एक डॉक्टर आणि एक परिचारिका असावी आणि पहिल्या भेटीत दंड न करता त्रुटी लेखी कळवून दुरुस्तीसाठी मुदत द्यावी. दुसरी भेट न सांगता व्हावी. तक्त्यात सुया आणि बाटल्यांचा वापर, निर्जंतुकीकरणाची नोंद, हात धुण्याची सोय, मुदत न संपलेले अ‍ॅड्रेनालिन (अ‍ॅलर्जीने कोसळलेल्या रुग्णाला द्यायचे इंजेक्शन) व भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि इंजेक्शन देणाऱ्या मदतनिसाचे प्रशिक्षण एवढे तरी असावे. लसींचा फ्रीज २ ते ८ अंशांत राहतो का, याची रोजची नोंद पाहताना वीज गेल्यावर काय करतात हेही विचारावे. २०१९ च्या महापुरात शहराच्या मोठ्या भागात दिवसेंदिवस वीज नव्हती. त्या काळात ज्यांचे फ्रीज बंद पडले, त्यांनी आतल्या लसींचे काय केले, हे रुग्णांना कधी कळले नाही.

कायदा बदलण्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाने आपल्या नागरी आरोग्य केंद्रांपासूनच हा तक्ता लागू करावा, त्यांचे निष्कर्ष केंद्राच्या दाराशी लावावेत आणि मग डॉक्टरांच्या संघटनांशी बोलून खासगी दवाखान्यांना स्वेच्छेने सहभागी होण्याचे आवाहन करावे. पावसाळा सुरू होण्यापूर्वी निदान एका प्रभागात हे काम हाती घ्यावे, अशी आरोग्याधिकाऱ्यांना विनंती आहे. तक्ता तयार करण्यासाठी अनुभवी परिचारिकांची मदत लागली, तर आमच्यासारख्या निवृत्त परिचारिका ती विनामोबदला करतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर