‘पापं माफ, मग वागा कसंही’: एका वाचकाला उत्तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत शहाद्याकडच्या एका गृहस्थांचं पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ख्रिस्ती लोकांचं बरं आहे, एकदा बाप्तिस्मा घेतला की पापं माफ, मग वागा कसंही. आपलं कर्म आपणच निस्तरायचं ही जबाबदारी त्यांच्या धर्मात नाही. पत्राचा सूर कडवट नव्हता. माणूस खरंच विचारतोय असं वाटलं, म्हणून हे उत्तर. धर्मांतरावरून आमच्या जिल्ह्यात अधूनमधून जो वाद पेटतो त्यात मला पडायचं नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मी नवापूर तालुक्यातली, मावची या आदिवासी घरातली. आमचं घर आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालं. खानदेशात तेव्हा स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक फिरायचे. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण रविवारच्या उपासनेला लहानपणापासून बसते, शास्त्र वाचते, आणि हाच प्रश्न आमच्या मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, या ना त्या तोंडाने निघतच असतो.

आक्षेप नवा नाही. ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत त्या प्रेषित पौलाच्या हयातीतच लोक तो घेत होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच विचारतो, कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? आणि लगेच सांगतो, मुळीच नाही. तेव्हा कृपेची शिकवण ऐकून कुणाला हा प्रश्न पडला, तर त्याने नीट ऐकलं असंच मी समजते. ज्याला पडत नाही त्याने बहुतेक डुलकी काढलेली असते.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे तारण आणि शिष्यत्व या दोन गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ बाहेरचे करतात त्याहून जास्त आम्हीच करतो. तारण म्हणजे देवाशी तुटलेलं नातं ख्रिस्ताच्या मरणामुळे जुळणं, पापांची क्षमा, सार्वकालिक जीवन. हे कमवायचं नसतं. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या-नवव्या वचनात स्वच्छ लिहिलंय, की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालं, ते देवाचं दान आहे, कुणी बढाई मारू नये. शिष्यत्व म्हणजे त्यानंतर येशूच्या मागे चालणं. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात त्याच्यामागे मोठा जमाव चाललेला असतो आणि तो वळून त्यांना जवळजवळ परतवूनच लावतो. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा, लढाईला निघायचं तर वीस हजारांपुढे आपले दहा हजार टिकतील का ते बघा. जो आपल्या सर्वस्वावर पाणी सोडत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही. गर्दी वाढवायची असलेला माणूस असं बोलत नाही.

एक फुकट, दुसरं महाग. हा फरक कळला नाही तर काय होतं ते मी घरातच पाहिलंय.

माझ्या सासूबाई शेवटचे काही महिने अंथरुणाला खिळून होत्या. अक्षरओळख नव्हती, पण गाणी सगळी पाठ. त्या काळात बाहेरगावचे एक उपदेशक प्रार्थनेला येऊन गेले आणि आज्ञापालनावर बोलले. फळ न देणारं झाड तोडून अग्नीत टाकतात वगैरे. वचन खोटं नाही, ऐकवायची जागा चुकली. ते गेल्यावर सासूबाईंचं जेवण सुटलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी त्यांची कूस बदलायची, तेव्हा त्या पुन्हापुन्हा एकच म्हणायच्या, मला शास्त्र वाचता आलं नाही, दशांश (मिळकतीचा दहावा भाग) धड दिला नाही, ऊसतोडीला गेलो की सहा-सहा महिने उपासना नाही, मला तो कसा घेईल? मी त्यांना येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराची गोष्ट सांगितली. त्यांना ती माहीत होतीच, तरी सगळी सांगितली. त्या माणसाचा बाप्तिस्मा झाला नव्हता, दशांश नव्हता, हातपाय खिळलेले, चांगलं काम करायचं म्हटलं तरी करता येणार नव्हतं. तो एवढंच म्हणाला, येशू, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर. आणि उत्तर मिळालं, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. सासूबाईंनी विचारलं, त्याने आधी चोरी केलेली भरून दिली का? म्हटलं, नाही, वेळच कुठे होता. मग त्यांनी पेज मागितली.

तो चोर कुणाचा शिष्य झाला नाही, त्याला सवडच मिळाली नाही. पण त्याचं तारण झालं. तारण शिष्यत्वावर अवलंबून असतं, तर सासूबाईंची भीती रास्त ठरली असती.

आता दुसरी बाजू, कारण शहाद्याच्या गृहस्थांना खरं तर हीच खुपते आहे. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या बारडोलीकडच्या साखर कारखान्यांना ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि प्रत्येक कोयत्यामागे मुकादमाची उचल. असे एक मुकादम आमच्या ओळखीच्या मंडळीतले. देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष उपासनेत द्यायला पहिले उभे राहणार, आवाज खणखणीत, डोळ्यांत पाणी. आणि हंगाम संपल्यावर मजुरांचा हिशेब मात्र दरवर्षी फिरलेला, उचल कधी फिटायचीच नाही. गावातल्या बिगरख्रिस्ती लोकांनी हे बघून ‘यांना सगळं माफ असतं’ म्हटलं तर मी त्यांना काय सांगू?

कुणी मला विचारलंच, या मुकादमाचं तारण झालंय का, तर मी उत्तर देणार नाही. तारण झालेल्यांच्या नावांचं पुस्तक माझ्याकडे नसतं. पण तो शिष्य आहे का, असं विचारलं तर मी सांगू शकते, कारण शिष्यत्व दिसतं. हिशेबाच्या वहीत दिसतं. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो तेच, क्रियांवाचून विश्वास मेलेला आहे. आणि त्याच याकोबाने पाचव्या अध्यायात असंही लिहून ठेवलंय, की शेत कापणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. हे वचन आमच्याकडे उपासनेत वाचलेलं मी क्वचितच ऐकलंय.

इथे जक्कयाची गोष्ट फार उपयोगी आहे. जकातदारांचा मुख्य, श्रीमंत, ठेंगणा, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला म्हणतो, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. यात आधी पैसे परत कर मग येतो, असं नाही. तो आधी घरी येतो. मग जक्कय उभा राहून सांगतो, माझं अर्धं धन गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत. चौपटीने तारण विकत घेतलं असं कुणी वाचलं तर क्रम उलटा झाला. पण त्या चौपटीशिवाय गोष्ट संपवली, जसं आमचे मुकादम संपवतात, तर गोष्टच राहिली नाही.

माझ्या शेजारी साक्रीकडचे एक माळकरी अण्णा राहतात, दरवर्षी मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणारे. त्यांना मी हे सगळं ओट्यावर बसून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘नाम फुकट शे ताई, पन वारी पायी करनी पडस.’ आमची श्रद्धा वेगवेगळी आहे आणि ते ती बदलणार नाहीत, मीही नाही. पण आमच्या तासाभराच्या प्रवचनापेक्षा त्यांना लवकर कळलं हे खरं.

माझी मांडणी अगदी निर्धोक आहे असं नाही. मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस तिला आडवा येतो. तो शिष्य व्हायला आलेला नाही, सार्वकालिक जीवन कसं मिळेल हे विचारायला आलाय. आणि येशू त्याला काय सांगतो? सगळं विकून गोरगरिबांना दे, मग माझ्यामागे ये. इथे तारण आणि शिष्यत्व एकाच वाक्यात आलं. तो खिन्न होऊन निघून जातो. शिष्य घाबरून विचारतात, मग तारण तरी कुणाचं होणार? त्यावर उत्तर, माणसांना हे अशक्य आहे, पण देवाला नाही. मला वाटतं, त्याच्या हातातून पैसा सुटत नव्हता आणि रिकाम्या हाताशिवाय दान घेता येत नाही. पण जगभरचे विद्वान यावर अजून भांडतात, तर मी कोण निकाल देणारी. उलट, जवळून मागे चालला म्हणून तारण झालंच असंही नाही. येशूला पकडून देणारा यहूदा इस्कर्योत बारा शिष्यांपैकी एक होता, पैशाची थैलीही त्याच्याचकडे असायची. आणि अरिमथाईकर योसेफ भीतीमुळे लपून राहिलेला शिष्य. बाराजणांतले बहुतेक पांगले तेव्हा रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन येशूचं शरीर मागून आणणारा तोच.

शहाद्याच्या गृहस्थांना वाटेल की हे आमचं घरगुती भांडण आहे. आहेच, आणि जुनं आहे. पापक्षमेच्या चिठ्ठ्या पैसे घेऊन दिल्या जात होत्या म्हणून मार्टिन ल्यूथरने 1517 मध्ये जर्मनीत आवाज उठवला आणि त्यातून पश्चिमेची मंडळी फुटली. 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबुर्ग इथे कॅथलिक मंडळी आणि जागतिक ल्यूथरन संघ यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या पुण्याईमुळे नाही, कृपेनेच, आणि तोच आपल्याला सत्कृत्यांसाठी बोलावतो, असं त्यात मान्य केलंय. पावणेपाचशे वर्षांहून जास्त काळ गेला एवढं एकत्र म्हणायला. सगळे मतभेद मिटले असंही नाही.

ल्यूथरच्याच परंपरेतला जर्मन पाळक (धर्मगुरू) डीट्रिश बोनहोफर याने 1937 मध्ये ‘स्वस्त कृपा’ म्हणून झोडपलं ते आमच्या मुकादमांसारख्यांनाच: क्षमा हवी, पण मागे चालणं नको. हिटलरला विरोध केल्याबद्दल त्याला 9 एप्रिल 1945 ला फाशी दिलं. आमच्याकडे काही उपदेशकांना हा बोनहोफर नेमका वर्गणी कमी जमली की आठवतो, हे जाता जाता सांगते.

आणि आपल्या मराठीतला दाखला हवा तर कवी नारायण वामन टिळकांचा घ्या. बाप्तिस्मा 1895 मध्ये. त्यासाठी केवढं सोसलं ते मराठी वाचकाला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे माहीत आहे. पण पुढे 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य असावेत असा त्यांचा विचार होता. मंडळीच्या रजिस्टरातलं नाव म्हणजेच शिष्यत्व, हे त्यांना मान्य नव्हतं. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले.

शिष्यत्व फार मोठ्या लोकांचंच असतं असं वाटू नये म्हणून एक लहान गोष्ट. आमच्या मंडळीतल्या एका शेतकऱ्याची चुलतभावाशी बांधावरून कोर्टात केस होती, नंदुरबारच्या खेपा चालू. तो एका प्रार्थनासभेत विश्वासात आला, एका संध्याकाळीच. केस मात्र त्यानंतरही चालूच राहिली. पाळकांनी कधी त्याला टोकलं नाही. एक दिवस तो आपणहून भावाकडे गेला आणि म्हणाला, बांध तुझ्या म्हणण्याप्रमाणे राहू दे. हातभर रुंदीची पट्टी गेली, वकिलाला दिलेले पैसे गेले, आणि बायको बरेच दिवस बोलत नव्हती. तिचंही चुकलं म्हणवत नाही, त्या पट्टीत तिची तूर होती. त्या पट्टीमुळे त्याला स्वर्ग मिळाला असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, ते तर आधीच मिळालं होतं, म्हणून सोडता आली. चुलतभाऊ अजून ख्रिस्ती नाही आणि होईल असं दिसतही नाही. पण आता दोघं एकाच विहिरीवर पाळी लावून पाणी भरतात.

आमच्या पाळकांना आणि मंडळीच्या वडिलांनाही (म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना) या पत्रातून एक विनंती आहे, कारण आपलं दैनिक तेही वाचतात. बाप्तिस्म्याआधीच्या वर्गात लूकचा चौदावा अध्याय नीट, वेळ देऊन शिकवा, मगच रजिस्टर उघडा. मुकादम असो की शिक्षक, वहीबद्दल विचारा. आणि मरणाऱ्याच्या खाटेशी तो अध्याय काढू नका, तिथे लूकचाच तेवीसावा, चोराच्या गोष्टीचा, काढा.

शहाद्याच्या वाचकांनी कधी नवापूरला यावं. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, ते बघायला लोक येतातच. रविवारी आलात तर उपासनेनंतर आमच्याकडे जेवा आणि हेच प्रश्न मंडळीसमोर विचारा. मुकादमही असतील.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी छाटावं लागलं तर ऑग्सबुर्ग आणि बोनहोफर छाटा, सासूबाईंचं आणि बांधाचं राहू द्या.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. नवापूर, जि. नंदुरबार
(नाव छापू नये ही विनंती)