रोजनामा वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून लिहीत नाही. पण नाशिकच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत खटले लढणाऱ्या, पिशवीत कायम दोन जादा पेनं ठेवणाऱ्या लोकअभिरक्षक मॅडम कोण, हे कॉरिडॉरमधले पट्टेवालेसुद्धा सांगतील. चार आठवडे तुमच्या मागेमागे फिरलेल्या मुलीचं हे पत्र आहे.

तीन वर्षांच्या एलएलबीला किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप लागते. पहिल्या वर्षीची मी एका ऑफिसात केली. तिथे झेरॉक्स काढल्या, चहाचे कप मोजले आणि शेवटच्या दिवशी न मागता ‘उत्कृष्ट काम’ लिहिलेलं सर्टिफिकेट मिळालं. ते हातात धरून घरी येताना मला रडू आलं होतं, कारण आरोपीला रिमांडसाठी, म्हणजे कोठडीचा आदेश घेण्यासाठी, कोर्टापुढे कसं उभं करतात हेसुद्धा मी पाहिलेलं नव्हतं. यंदा जूनमध्ये दिंडोरीहून सकाळची एसटी धरून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरले आणि कोर्टात शिरले, ती भीती घेऊनच. आपल्याला काहीच येत नाही हे आज सगळ्यांना कळणार, असं वाटत होतं.

तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्यासमोर एक फाईल ठेवलीत. मी एफआयआर काढून वाचायला लागले, तर म्हणालात, “ते नंतर. आधी रोजनामा.” रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद. मला ती नुसती तारखांची यादी वाटायची. तुम्ही बोट ठेवून एकेक ओळ वाचून घेतलीत. आरोपी हजर केला नाही. आरोपी हजर केला नाही. साक्षीदार गैरहजर. आरोपीस वकील नाही. पुढे जामीन मंजूर. आणि त्याच्याखाली सात आठवड्यांत एकही नोंद नाही. “आता सांग, हा माणूस कुठे आहे?” मी म्हटलं, सुटला असेल. तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मला सिटीलिंकच्या बसनं नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात घेऊन गेलात.

तो माणूस आत होता. जामीन मिळूनही आत होता.

मोटरसायकल चोरीचा आरोप, पेठ तालुक्यातला, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल. मॅडम, तुम्हाला मी तेव्हा सांगितलं नव्हतं, पण त्याचे हात पाहून मी गप्प झाले होते. आमची द्राक्षबाग आहे. पेठ-सुरगाण्याची माणसं दरवर्षी छाटणीला आमच्याकडे येतात, बागेच्या कडेला खोपी करून राहतात. कात्री धरून धरून अंगठ्याच्या मुळाशी जो गठ्ठा येतो, तो त्याच्या हाताला होता. एप्रिलची खरड छाटणी त्याची बराकीत गेली. कोर्टानं 15,000 रुपयांचा एक जामीनदार मागितला होता. त्याच्या घरी होता तो वनपट्टा, म्हणजे वनहक्कात मिळालेली जमीन. सातबारा असलेला जामीनदार मिळेना आणि ज्यांच्याकडे सातबारा होता, ते कोर्टाची पायरी चढायला तयार नव्हते. तुम्ही त्याच्याशी हळू, छोट्या वाक्यांत बोललात. वकीलपत्रावर सही घेण्याआधी त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवलंत. त्याला त्याचा जामीन झालाय हेच नीट माहीत नव्हतं.

वर्गात आम्ही हुसैनारा खातून, 1979 हा कच्च्या कैद्यांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल परीक्षेसाठी पाठ केला होता. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 मला तोंडपाठ होतं. पण बसमध्ये परतताना तुम्ही जे सांगितलंत ते मी पहिल्यांदा ऐकत होते. सर्वोच्च न्यायालयाचे 31 जानेवारी 2023 चे निर्देश आहेत. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार हवा असा आग्रह हेही सुटकेला उशीर होण्याचं एक कारण आहे. “निर्देश आहेत,” तुम्ही म्हणालात, “पण कुणीतरी अर्ज लिहावा लागतो. उद्या तू लिही.”

मी तो अर्ज चार वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात अडीच पानं न्यायतत्त्वं होती. तुम्ही लाल पेनानं ती सगळी काढलीत आणि समासात लिहिलंत, ‘किती दिवस?’ शेवटच्या मसुद्याचं पहिलंच वाक्य होतं, जामीन मंजूर होऊन आज 51 दिवस झाले. सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आला. कोर्टानं जामीनदाराची अट काढून वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडण्याचा आदेश केला. पाच मिनिटंही लागली नाहीत. मी मागच्या बाकावर बसून नुसते ते शब्द ऐकत होते.

आणि माझी चूक. ती इथे लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. दुसऱ्या एका प्रकरणात तुम्ही मला 60 दिवस मोजायला सांगितले होते. तपास 60 दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात 90 दिवसांत पुरा होऊन चार्जशीट आली नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 167, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत 187. पहिला रिमांड 21 एप्रिलचा. मी 22 पासून मोजत गेले आणि वहीत ठळक लिहिलं, अर्ज 21 जूनला. तुम्ही वही बघितलीत आणि कॅलेंडर माझ्यापुढे सरकवलंत. “रिमांडचा दिवस धरायचा. 2023 पासून त्यावर वाद उरलेला नाही.” पुन्हा बोटांवर मोजलं. साठावा दिवस 19 जून. हक्क 20 ला. तुम्ही 20 तारखेला कोर्ट उघडताच अर्ज दाखल केलात. चार्जशीट त्याच दिवशी दुपारी आली. अर्ज आधी पडलेला होता, म्हणून तो हक्क टिकला. माझ्या वहीप्रमाणे गेलो असतो, तर एका माणसाचा हक्क माझ्या एका दिवसाच्या हिशोबापायी गेला असता. तुम्ही मला रागावला नाहीत. त्या संध्याकाळी पाच जुन्या फायली दिल्यात आणि प्रत्येकीचे दिवस मोजून आणायला सांगितलेत. त्या रात्री मी जेवणानंतर आईला शेजारी बसवून मोठ्यानं मोजले.

बाकी शिकलेलं खूप आहे. पंचनाम्यावरच्या वेळा अटकेच्या वेळेशी ताडून पाहणं, तोच पंच दोन गुन्ह्यांत दिसला तर खूण करणं, झडतीचं चित्रीकरण झालंय का हे त्याच नव्या संहितेच्या कलम 105 खाली विचारणं. ते सगळं माझ्या वहीत आहे.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती पेठच्या मुलाची आई. सुटकेनंतर ती कोर्टात आली होती, डोक्यावर नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन. तुमच्यासाठी. तुम्ही हात जोडलेत. “मावशी, मला सरकार मानधन देतं, हे मी घेऊ शकत नाही.” तिचा चेहरा पडला. मग तुम्हीच विचारलंत, “भाकरी आणलीय का?” जिन्याखालच्या बाकावर तिनं फडकं सोडलं आणि तुम्ही तिच्या भाकरीतली अर्धी मोडून घेऊन तिच्याशेजारी बसून खाल्लीत. मलाही चतकोर दिलीत. पिठाची पिशवी तुम्ही स्वतः सीबीएसपर्यंत उचलून तिच्या गाडीत ठेवलीत.

मॅडम, तुम्ही मला काम दिलंत, चूक करू दिलीत आणि ती चूक कुणाच्या अंगावर पडण्याआधी सावरलीत. हे मी कसं फेडू मला कळत नाही. मनापासून आभार.

त्या मुलाचा खटला अजून संपलेला नाही. पुढची तारीख माझ्या वहीत लिहून ठेवली आहे. त्या दिवशी तास बुडवून येते. तुम्ही आधी उलटतपासात गुंतलेल्या असाल, तर मी रोजनामा काढून तयार ठेवते.

तुमची विद्यार्थिनी,
दिंडोरी